बुडाला की बुडाली

माझा मुलगा यशोधन नॉटिंगहॅमला जन्मला, तिथेच शिकला आणि आता मेडनहेडला कम्प्युटरच्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे. त्याचं मराठी जेमतेम पास होण्यापुरतं. शब्द पुष्कळ आहेत, पण टेबल ‘ती’ आणि खुर्ची ‘तो’. तरीही आई-बापाशी बोलायचं ते मराठीत, फोनवर आणि मेसेजमध्येसुद्धा, हा नियम त्याच्या वडिलांनी, अवधूतने, घातला होता आणि अवधूत गेल्यावर मी तो आणखी कडक केला. गेल्या जूनमध्ये या नियमापायी स्कॉटलंडच्या पार उत्तरेला पोलिसांना धावपळ करावी लागली. ती गोष्ट सांगते.

मी मूळची सांगलीची. कृष्णेत पोहायला शिकले. होड्यांच्या शर्यती असल्या की आम्ही मुली घाटावर बसून भडंग खात ओरडायचो, कारण होडीत आम्हाला कोणी बसवत नसे. ते राहून गेलेलं नॉटिंगहॅमला पूर्ण झालं. भुलीची डॉक्टर म्हणून मी इथल्या हॉस्पिटलात आले, तेव्हा तिथल्या एका सिस्टरने मला आणि मीनाक्षीला ट्रेंट नदीवरच्या कनू क्लबात नेलं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, लांबट होडी. मीनाक्षी गिरगावातली, मुलांची डॉक्टर, आणि पोहता न येणारी. पहिल्याच दिवशी पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून ती बसली आणि आमच्या कन्सल्टंटच्या देखत पाण्यात पडली. वर आली ती शिव्या देतच, पण पुन्हा बसली. तेव्हापासून ती पुढे आणि मी मागे. पुढचा जोर लावतो, मागचा दिशा धरतो. चाळीसहून जास्त वर्षं मी तिची पाठ बघते आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या सदरलंडमध्ये तळ्यातळ्यांतून वर चढायचं, दलदलीचं पठार ओलांडायचं आणि पलीकडच्या नदीने उत्तरेच्या समुद्राला जायचं, हा बेत आम्ही पस्तिशीत केला होता. मग मुलं, नाइट ड्यूट्या, मग नवऱ्यांची आजारपणं. बेत तसाच राहिला. दोघी मोकळ्या झालो तेव्हा सत्तरी उलटली होती.

एप्रिलमध्ये यशोधन आणि सून अनुया घरी आले, तेव्हा मी दिवाणखान्यात तंबू पसरून त्याच्या शिवणी तपासत होते.

“आई, तू त्र्याहत्तर आहे,” यशोधन म्हणाला.

“माहीत आहे. मी जन्मले तेव्हा मी तिथेच होते.”

त्याने फोनवर फोटो दाखवले. मेडनहेडला त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर म्हाताऱ्या माणसांसाठी नवे फ्लॅट झाले होते. प्रत्येक खोलीत एक लाल दोरी. ओढली की कोणीतरी धावत येतं.

“बाथरूममध्येपण आहे हो, आई,” अनुया म्हणाली. तिचा आवाज इतका काळजीचा होता की मला उलट बोलवेना.

“खिडकीतून पाणी दिसतं का?” मी विचारलं.

“कार पार्क दिसते,” यशोधन म्हणाला. मुलगा खोटं बोलत नाही, हे मात्र आहे.

तासभर वाद झाला आणि शेवटी सौदा ठरला. मी समुद्रापर्यंत माझी मी पोहोचले, तर फ्लॅटचा विषय कायमचा बंद. पण मला तिथून कोणाला बाहेर आणावं लागलं, तर सप्टेंबरमध्ये घर विकायला काढायचं. घर म्हणजे आमचं ट्रेंटजवळचं, अवधूतने हौसेने मागे वाढवलेलं, जिथे रात्री नदीचा वास येतो ते. त्या घरातून मला उठायचं नव्हतं. यशोधनने माझ्याशी हात मिळवला. मीनाक्षी स्पीकर फोनवर होती.

“मी साक्षीदार,” ती म्हणाली. “आणि उल्के, कोणी आणायला आलंच तर मी त्याला वल्ह्याने बडवीन.”

यशोधनने जाताना मला एक छोटं यंत्र दिलं. फोनला रेंज नसेल तिथे ते थेट सॅटेलाइटवरून मेसेज पाठवतं आणि आपण कुठे आहोत ते नकाशावर दाखवतं. रोज संध्याकाळी एक मेसेज, ही त्याची अट. त्यात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. बारीक बटणांवर एकेक अक्षर शोधायचं, म्हणजे मेसेज जितका छोटा तितका बरा.

पहिले काही दिवस स्वर्ग होता. अंधारच पडत नव्हता. स्कॉटलंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात. एका लॉखमधून दुसऱ्यात जाताना फक्त वल्ह्यांचा आवाज. मग पाऊस लागला आणि थांबेचना. मधल्या ओढ्यांत वल्हवण्याइतकं पाणी नव्हतं, म्हणून गुडघाभर थंड पाण्यात उतरून दोरीने होडी ओढायची. पाय बधिर व्हायचे आणि दगडांवर घसरायचे. त्यानंतर पठार आलं. ते काळ्या दलदलीचं. होडीखाली लावायला आणलेली चाकं त्यात रुतून बसली, तेव्हा सगळं अंगावर वाहून न्यायची वेळ आली. आधी पिशव्या ठेवून यायचं, मग तंबू, मग होडी. म्हणजे तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवायची. वारा पडला की चिलटांचे ढग यायचे. कानात, नाकात, पापण्यांच्या आत.

एकदा मीनाक्षीचा बूट चिखलाने ओढून घेतला. ती एका पायावर उभी राहून त्या भोकाकडे बघत होती.

“उल्के, लोक पैसे देऊन हमाल करतात,” ती म्हणाली. “आपण पेन्शन खर्चून हमाली करतोय.”

“बूट काढ आधी.”

“मी मुलांची डॉक्टर आहे. ओढून काढायचं काम बाळंतपणवाल्यांचं.”

हसता हसता आम्ही दोघी चिखलात बसलो. त्या संध्याकाळी स्लीपिंग बॅगा ओल्या होत्या, बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि गरम मेतकूट-भात खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जगात त्याहून चांगलं काही असेल असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी होडी खांद्यावर असताना मीनाक्षी घसरली आणि सगळा भार तिच्या उजव्या खांद्यावर आला. “जरा अवघडलंय,” एवढंच ती म्हणाली. दोघी डॉक्टर असल्यामुळे निदानावरून थोडं भांडण झालं. तिने हात वर करून दाखवला, मी विश्वास ठेवला. यशोधनला मात्र मी ते मेसेजमध्ये कळवलं.

त्याच दिवशी दुपारी एका झिरपणाऱ्या ओहोळात मीनाक्षीने गवताची काडी टाकली. आजवर पाणी आमच्या अंगावर येत होतं. काडी आमच्या पुढे निघाली. पठार संपलं होतं आणि पाणी उत्तरेकडे चाललं होतं. आम्ही तिच्यामागे पोरींसारख्या धावलो, जितकं त्या चिखलात धावता येतं तितकं.

पलीकडचं लॉख मोठं होतं. ते संपतं तिथे पूल आणि रस्ता, आणि पुलाखालून निघणारी नदी थेट समुद्राला. म्हणजे एका दिवसाचं काम. पण लॉखवर वारा सुटला. समोरून, थेट उत्तरेकडून. लाटांना पांढरे फेस. आम्ही जमिनीच्या एका चिंचोळ्या जिभेवर तंबू ठोकला आणि पूर्ण दिवस आत बसून काठ्या धरून ठेवल्या, नाहीतर तंबूच उडाला असता. एक दिवस फुकट गेला. संध्याकाळी मी यंत्र सुरू केलं. यशोधनने सकाळीच विचारलं होतं, मीनाक्षी मावशी कशी आहे. मी गारठलेल्या बोटांनी लिहिलं:

“वारा फार. आजचा बुडाला. मीनाक्षी ठीक.”

‘दिवस’ हा शब्द गाळला. न सांगता कळेल असं वाटलं. मग बॅटरी वाचवायला यंत्र बंद केलं आणि झोपले.

सकाळी वाऱ्याच्या आवाजात इंजिनचा आवाज मिसळला. दलदलीतून चालणारी आठ चाकांची उघडी गाडी धडपडत आमच्याकडे आली आणि लाल जाकीट घातलेली एक बाई उतरली. मोराग मकाय तिचं नाव. एरवी शाळेची बस चालवते, आणि कोणी हरवलं-पडलं तर शोधायला जाणाऱ्या तिथल्या तुकडीत काम करते. तिने तंबूत डोकं घातलं, आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“तुमच्यापैकी बुडालेली कोण?”

“अजून ठरलं नाही,” मीनाक्षी म्हणाली. “चहा घेणार?”

मोराग मटकन खाली बसली. मग तिने सांगितलं. माझ्या मुलाने पोलिसांना फोन केला होता. होडी बुडाली, आई गेली, मैत्रीण तेवढी वाचली. नकाशावर आमचा ठिपकाही पाण्यात दिसत होता, कारण जमिनीची ती जीभ नकाशात नव्हतीच. रात्रीच हेलिकॉप्टर निघणार होतं, पण वाऱ्याने अडलं. म्हणून मोराग आली.

मला काही समजेना. मी यंत्र सुरू केलं. यशोधनचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. “आई?” “आई तू कुठे आहे.” “आई प्लीज.” आणि शेवटचा, “मी येते.”

मी येते. चार वर्षांचा असताना तो असंच म्हणायचा, कारण घरात मराठी ऐकायचा ते जास्त माझंच. शाळेत जायला लागल्यावर कधीतरी ‘येतो’ म्हणायला शिकला. तो किती घाबरला असेल ते मला त्या एका अक्षरावरून कळलं. मी घाईने लिहिलं, “मी ठीक. होडी ठीक. दिवस बुडाला, मी नाही.” मोरागने वायरलेसवर पोलिसांना कळवलं. तिकडून उत्तर आलं की मुलगा पहाटेच्या विमानाने इन्व्हरनेसला उतरून भाड्याच्या गाडीने निघालासुद्धा आहे, त्याला पुलाशी थांबायला सांगतो.

“चला,” मोराग म्हणाली, “गाडीत जागा आहे. होडीही मागे बांधू.”

“नको,” मीनाक्षी ताडकन म्हणाली. “दुपारी वारा पडेल. आम्ही आमच्या जाऊ.” आणि तिने चहाचा मग उचलला. डाव्या हाताने. उजवा मांडीवर तसाच पडला होता.

“मीने, उजव्याने उचल.”

“का? लग्नाला जेवायला बसलोय का आपण?”

“उचल.”

तिने प्रयत्न केला. कोपर छातीपर्यंतही आलं नाही. चेहरा पांढरा पडला. काठ्या धरून बसलेला आदला दिवस तिने कसा काढला असेल देव जाणे.

“मी गेले तर तुझं घर जाईल गं,” ती हळूच म्हणाली.

“खांदा तुझा आहे. घर माझं आहे. तू गाडीत बस.”

ती रडली नाही, पण मला भरपूर शिव्या दिल्या. मी स्वतः मात्र गाडीत बसले नाही. दुपारी वारा खरंच पडला, लॉख सपाट झालं, आणि पुलापर्यंतचं अंतर मला एकटीला जमण्यासारखं होतं. मोरागला ते पसंत नव्हतं. “मी तुम्हाला थांबवू शकत नाही,” ती म्हणाली, “पण नजरेआडही होऊ देणार नाही.” तिची गाडी काठाकाठाने माझ्याबरोबर चालली, मीनाक्षी तीत गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवून बसलेली. मी पिशव्या होडीच्या पुढच्या टोकाला ठेवल्या, मधोमध गुडघे टेकले आणि निघाले. समोर कोणाची पाठ नव्हती. सगळं लॉख एकदम दिसत होतं आणि ते फार मोठं होतं. हात भरून आले की मी थांबायचे, मग होडी लगेच तिरकी व्हायची, म्हणून पुन्हा वल्हवायचे.

पुलाखाली यशोधन उभा होता. ऑफिसचे बूट, कालचाच शर्ट. मी काठाला येण्याआधीच तो तसाच पाण्यात शिरला आणि त्याने होडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. मग एकदम ओरडला.

“तू ‘बुडाला’ लिहिली! बुडाला म्हणजे ड्राउन्ड!”

“अरे, दिवस बुडाला. वाया गेला. शाळा बुडते, क्लास बुडतो...”

“शाळा कशी बुडते? शाळेत पाणी आहे?”

“आणि मी बुडाले असते तर ते ‘बुडाली’ झालं असतं. होडीसुद्धा ‘बुडाली’. ‘बुडाला’ वाचून तुला कळू नये, की हे पुल्लिंगी काहीतरी आहे?”

“आई, मला वाटलं तू गेली! आणि मी ग्रामर बघू?”

तोवर मोरागची गाडी येऊन थांबली होती. मीनाक्षी वरून म्हणाली, “पण यशोधन, बुडालेल्या बाईने मेसेज पाठवला कसा रे?”

“मला वाटलं तू पाठवली, मावशी. ‘मीनाक्षी ठीक’ होतं ना त्यात.”

मी होडीतून उतरले आणि त्याला जवळ घेतलं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “आता घरी जाऊ. डील आठवते ना?”

“मला कोणी आणलं नाही. मी वल्हवत आले.”

“पण समुद्रापर्यंत म्हणाली होती तू. नदी राहिली. मावशी नाही. तू एकटी जाणार?”

तो बरोबर बोलत होता. नदी उथळ, दगडांची, वळणावळणांची. ती एकट्याने करायची नाही, एवढी अक्कल ट्रेंटने मला दिली आहे. मी दगडावर बसले. पाय दुखत होते. मनात उलटसुलट करून पाहिलं, पण सौदा म्हणजे सौदा.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “सप्टेंबरमध्ये घर काढू या.”

मीनाक्षीने तोंड फिरवलं. यशोधन माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या हातांकडे. बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्यांचे काठ काळे पडले होते.

“तू इतक्या पटकन हो म्हणाली?” तो म्हणाला. तो आनंदला नव्हता, उलट आणखीच घाबरला होता. “तू कधीच असं हो म्हणत नाही.”

“मग काय करू?”

तो नदीकडे बघत राहिला. “किती वेळ लागतो? समुद्राला?”

“संध्याकाळपर्यंत.”

“पुढची जागा रिकामी आहे,” मीनाक्षी वाऱ्यावर सोडल्यासारखं म्हणाली.

“मला येत नाही, मावशी. आठ वर्षांचा होतो तेव्हा एकदा बसलो, पडलो, संपलं.”

“पुढच्याला काही यावं लागत नाही,” मी म्हणाले. “मागच्याचं ऐकायचं फक्त.”

“आईचं ऐकायचं?” मीनाक्षी म्हणाली. “मग अवघड आहे.”

त्याने बूट काढले आणि मीनाक्षीचं लाइफ जॅकेट चढवलं. ते त्याला इतकं घट्ट झालं की मोरागने दोन्ही हातांनी ओढून पट्टा लावला.

नदीवर पहिल्याच वळणाला आमची होडी दगडावर बसली. मी “डावं, डावं!” ओरडत होते आणि तो जिवाच्या आकांताने उजवीकडे वल्हवत होता. डावं-उजवं त्याचं लहानपणापासून कच्चं. पाण्यात उतरून त्याने होडी ढकलली, छातीपर्यंत भिजला, परत बसताना जवळजवळ मलाही पाडलं. तेव्हा मला सुचलं. उजवीकडे मारायचं असलं की मी ओरडायचे, “जेवायचा!” आणि डावीकडे असलं की, “दुसरा!” ते त्याला बरोबर कळायचं. काठावर मासे धरत उभे असलेले दोन गृहस्थ, ही ओरडणारी म्हातारी आणि तो भिजलेला माणूस बघून गळ टाकायचेच विसरले.

हळूहळू त्याचं वल्हं लयीत पडायला लागलं. त्याची पाठ मी एवढ्या जवळून बऱ्याच वर्षांनी पाहत होते. रुंद झाली होती. मानेवरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

एका खळखळाटातून आम्ही दगडांना न लागता सरळ निघालो, तेव्हा तो मागे वळून ओरडला, “आई, पाहिली?”

“पुढे बघ, गाढवा!”

मग काठ दूर सरकले, पाणी खारट झालं आणि समोर पांढरी वाळू आली. पलीकडे समुद्र. उत्तरेकडे फक्त पाणीच पाणी. पाण्यातले सील डोकी वर काढून आमच्याकडे बघत होते. होडी वाळूला लागली, तरी आम्ही दोघं तशीच बसून राहिलो.

“टेक्निकली तू समुद्रापर्यंत आली,” तो पाठमोराच म्हणाला.

“माझी मी नाही आले. तू होतास.”

“मी तुला आणलं नाही. मला तर कुठे जायचं तेपण माहीत नव्हतं.”

मी वल्हं आडवं ठेवलं. “यशोधन, ती लाल दोरी मलाही कधीतरी लागेल. मी डॉक्टर आहे, मला कळतं. पण ती मला ओढू दे. मी हाक मारीन तेव्हा ये.”

“आणि तू हाक मारली नाही तर?”

“मारीन.”

“प्रॉमिस? मराठीत नको. मला समजेल असं.”

“प्रॉमिस,” मी म्हणाले.

किनाऱ्यावर फोनला रेंज होती. तो ओल्या कपड्यांत, अनवाणी, वाळूत येरझाऱ्या घालत बोलत होता. आधी अनुयाशी, बराच वेळ. मग फ्लॅटवाल्यांशी. वारा त्याचे शब्द माझ्याकडे आणत होता. नाही, तो फ्लॅट आता दुसऱ्या कोणाला देऊन टाका. हो, आई ठीक आहे. नाही, आत्ता ती बोलू शकणार नाही, ती होडी रिकामी करतेय.

मी खरंच तेच करत होते. तेवढ्यात मोरागची पिकअप वाळूवर आली. मागे ट्रेलर, पुढे मीनाक्षी खिडकीतून अर्धी बाहेर.

“पोहोचलात?” ती ओरडली. “की मी उगीच चिप्स आणल्या?”

होडी ट्रेलरवर चढवायची होती. आम्ही माणसं चार आणि चालणारे हात सात. मीनाक्षीने आपला एक हात पुढच्या टोकाखाली घातला आणि सगळ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली.